शंभर रुपयांच्या दोन बातम्या

(अमरावती आणि अकोला इथं दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. पुनरुक्ती काढली आहे, बोलण्याची भाषा शक्य तितकी तशीच ठेवली आहे.)



'कर्करोगावरचं नवं संशोधन' हा विषय एका तासात मावणारा नाही. म्हणून मी त्यातला एकच तुकडा घेणार आहे. दोन बातम्या. दोन्ही मुंबईच्या टाटा मेमोरियलमधून आलेल्या, दोन्हींत डॉ. राजेंद्र बडवे यांचं नाव, दोन्हींत खर्च शंभर रुपयांच्या आसपास. अंतर साधारण दीड वर्षाचं. एक बातमी सप्टेंबर २०२२ ची, दुसरी फेब्रुवारी २०२४ ची. मोबाईलवर तुमच्यापर्यंत यातली कोणती पोचली, ते मनात आठवून ठेवा. माझा अंदाज आहे, दुसरी. आणि माझं म्हणणं असं आहे की पोचायला हवी होती पहिली.

टाटाबद्दल बोलताना आपल्याला जरा जपून बोलावं लागतं, कारण आपलं नातंच तसं आहे. वऱ्हाडात कोणाला गाठ निघाली की शेजारी पहिला प्रश्न विचारतात, "टाटाले नेलं का?" बडनेऱ्याहून किंवा अकोल्याहून रात्रीची गाडी पकडायची, सकाळी दादरला उतरायचं आणि जागा मिळाली तर गाडगेबाबांच्या धर्मशाळेत पथारी टाकायची. बाबा आपल्याच जिल्ह्यातले, शेंडगावचे. त्यांच्या नावाच्या त्या धर्मशाळेत आजही कर्करोगाचे रुग्ण आणि त्यांची माणसं राहतात. तेव्हा टाटाचं नाव असलेली बातमी आपण देवाच्या अंगाऱ्यासारखी घेतो, तपासत नाही. आज मी तपासा असं सांगायला उभा आहे. टाटाचा मान राखूनच सांगतो, कारण तपासायचं कसं हेसुद्धा आपल्याला टाटानंच दाखवलंय.

आता पहिली बातमी. स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया करताना गाठीला हात लागतो, ती हलते, दाबली जाते. त्या वेळी काही पेशी सुटून रक्तात जात असाव्यात, अशी शंका जुनीच आहे. या डॉक्टरांनी काय केलं? शस्त्रक्रियेच्या सात ते दहा मिनिटं आधी गाठीभोवती लिग्नोकेनचं इंजेक्शन दिलं. लिग्नोकेन म्हणजे दात काढताना हिरडी बधिर करायला देतात ते औषध. नवं नाही, महाग नाही, त्यावर कोणाचं पेटंट नाही. देशातल्या ११ केंद्रांत मिळून जवळपास १६०० बाया या अभ्यासात होत्या. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी त्यांची वाटणी केली. निम्म्यांना इंजेक्शन, निम्म्यांना नाही. बाकीचे उपचार सगळ्यांना सारखे. पाच वर्षांनी मोजलं तेव्हा इंजेक्शन न दिलेल्यांपैकी ८६.४ टक्के जिवंत होत्या, दिलेल्यांपैकी ९०.१ टक्के. हे पॅरिसच्या परिषदेत मांडलं गेलं आणि २०२३ मध्ये छापून आलं.

फरक किती? शंभरात ३.७. ऐकायला किरकोळ वाटतो. पण हिशेब असा मांडा: २७ बायांना ते इंजेक्शन दिलं, तर पाच वर्षांनी त्यांच्यातली एक जास्त जिवंत असेल. एका साध्या इंजेक्शनच्या खर्चात.

या अभ्यासावरही टीका करता येते, आणि करायला हवी. ज्यांना औषध नव्हतं त्यांना पाण्याचं खोटं इंजेक्शन दिलेलं नव्हतं. म्हणजे कोणाला काय दिलं हे शस्त्रक्रिया करणाऱ्याला माहीत होतं. शिवाय लिग्नोकेन पेशीवर नेमकं काय करतं, हे या अभ्यासानं मोजलेलं नाही. पेशीच्या आवरणातले सोडियमचे मार्ग ते बंद करतं आणि पेशीला हलायला ते मार्ग लागतात, हे त्यामागचं अनुमान आहे. हा निकाल दुसऱ्या देशात, दुसऱ्या हातांनी पुन्हा यायला हवा. पण जिवंत की मृत, ही मोजणी डॉक्टरच्या मतानं बदलत नाही. म्हणून टीका करूनही हा अभ्यास उभा राहतो.

आता दुसरी बातमी. 'कर्करोग परत होऊ न देणारी शंभर रुपयांची गोळी.' यामागचा विचार डॉ. इंद्रनील मित्रा यांच्या गटाचा आहे आणि तो अनेक वर्षं चाललेला आहे. पेशी मरते तेव्हा तिच्या केंद्रकातल्या गुणसूत्रांचे बारीक तुकडे बाहेर पडतात. केमोनं, रेडिएशननं पेशी मरतात तेव्हाही पडतात. हे तुकडे रक्तातून फिरतात, निरोगी पेशीत शिरतात, तिच्या डीएनएला इजा करतात आणि तिलाच कर्करोगाच्या वाटेला लावू शकतात, असं त्यांचं म्हणणं. त्यावर उपाय म्हणजे रेझव्हेरॅट्रॉल आणि तांबं. रेझव्हेरॅट्रॉल द्राक्षाच्या सालीत असतं, शेंगदाण्यातही थोडं असतं. तांब्याबरोबर त्याची जोडी जमली की ऑक्सिजनचे आक्रमक कण तयार होतात आणि ते या तुकड्यांचा नाश करतात.

विचार म्हणून हे मला आवडतं. उपचारानं मेलेली पेशीच पुढच्या आजाराचं बी पेरत असेल, हा धाडसाचा प्रश्न आहे. माझा आक्षेप विचाराला नाही, घोषणेला आहे. बातमीत काय सांगितलं गेलं? उपचाराचे दुष्परिणाम सुमारे ५० टक्क्यांनी कमी होतात आणि कर्करोग परत येणं रोखण्यात गोळी सुमारे ३० टक्के परिणामकारक आहे. वाचणाऱ्यानं विचारायला हवं, कोणाच्या ३० टक्के? बातमीतच उत्तर होतं, पण ते खालच्या परिच्छेदात. मानवी कर्करोगाच्या पेशी टोचलेल्या उंदरांमधलं हे काम होतं. माणसांवर छोटे अभ्यास झालेत, पण मोजक्या रुग्णांवर. मेंदूतल्या गाठीवरचा, २०२५ मध्ये छापून आलेला अभ्यास घ्या. दहा जणांना शस्त्रक्रियेआधी साधारण १२ दिवस गोळ्या दिल्या, दहा जणांना नाही, आणि काढलेल्या गाठीतल्या खुणा तपासल्या. खुणा आशादायक होत्या. पण खुणा म्हणजे आयुष्य नव्हे. गोळी घेणाऱ्या माणसांत आजार कमी वेळा परतला, हे सांगायला हजारभर माणसं आणि काही वर्षं लागतात. मथळा लिहिणाऱ्यानं ती वर्षं एका रात्रीत पार केली.

इथं आपल्या मातीतलं उदाहरण देतो. समजा, एका शेतकऱ्यानं वावरात नवी फवारणी केली आणि कपाशी चांगली आली. फवारणीनं आली की पावसानं? त्याला सांगता येणार नाही. म्हणून काय करायचं? त्याच वावराचे तुकडे पाडायचे, चिठ्ठी टाकून काही तुकड्यांवर फवारायचं, काहींवर नाही, आणि वेचणीला कापूस वेगवेगळा मोजायचा. औषधांच्या चाचणीची ही पद्धत दवाखान्यात जन्मली नाही, ती वावरात जन्मली. १९२० च्या दशकात इंग्लंडमधल्या रॉथम्स्टेड या शेतकी केंद्रात रोनाल्ड फिशर यांनी ती बसवली. अकोल्याला कृषी विद्यापीठाच्या प्रक्षेत्रावर असे तुकडे आपण पाहिलेले आहेत. म्हणजे ज्या माणसाला बियाण्याच्या पाकिटावरचा दावा तपासता येतो, त्याला गोळीचा दावाही तपासता येतो. फक्त तो आपला हक्क आहे, हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं.

उतावळेपणा काही भारतीय नाही. मे १९९८ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावर ज्युडा फोकमन यांच्या संशोधनाची बातमी आली. गाठीला रक्त पुरवणाऱ्या नव्या वाहिन्याच तोडायच्या, असा तो उपाय होता. उंदरांत गाठी विरल्या होत्या. संबंधित कंपनीचा शेअर उसळला, रुग्णांचे फोन सुरू झाले. तुम्ही उंदीर असाल तर तुम्हाला आम्ही बरं करू, अशा अर्थाचं खुद्द फोकमनच बोलले होते. ती दोन द्रव्यं माणसांत फारशी चालली नाहीत. पण विचार खोटा नव्हता. त्याच वाटेवरचं बेव्हासिझुमॅब हे औषध २००४ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. काही रोगांत ते उपयोगी पडतं, चमत्कार करत नाही. तेव्हा मित्रांचा विचारही उद्या फळेल, कोण सांगावं. पण फळ येण्याआधी बाजारात पाटी लावू नये, एवढंच.

एक बारकावा आणखी आहे. ही गोळी अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या मंजुरीची वाट पाहतेय, असं त्या वेळी सांगण्यात आलं. हे प्राधिकरण अन्नपदार्थ आणि पूरक आहार पाहतं. कर्करोगाच्या औषधाला मंजुरी देतो तो औषध नियंत्रक, आणि तो माणसांवरचे पुरावे मागतो. दावा औषधाचा आणि दरवाजा अन्नाचा, हे जमत नाही. गोळी पूरक आहार म्हणून विकायची असेल, तर 'कर्करोग परत येणार नाही' हे वाक्य तिच्यासोबत फिरता कामा नये.

तुम्ही म्हणाल, बातमी फिरली तर नुकसान काय? नुकसान आहे. घरात एक बाई आहे, तिची तिसरी केमो झालीय, केस गेलेत, तोंड आलंय, अन्न जात नाही. तिच्या मुलाच्या हातात मोबाईल आहे आणि त्यावर लिहिलंय की जूनपासून शंभर रुपयांत गोळी मिळणार. ती चौथ्या केमोला नाही म्हणते. तिला अडाणी म्हणू नका. तिच्याजवळ जी माहिती पोचली तिच्यावर तिनं निर्णय घेतला. चूक माहिती देणाऱ्याची.

आणि या गोंगाटात खरोखर आपल्या उपयोगाचं संशोधन झाकलं जातं. आपला कर्करोग कोणता? तोंडाचा. सुपारी, तंबाखू, चुना एकत्र घोटलेला खर्रा पानठेल्यावर पन्नीत मिळतो. सुपारी स्वतःच कर्करोगकारक आहे, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या संस्थेनं जाहीर केलेलं आहे. राज्यात २०१२ पासून गुटखाबंदी आहे, पण खर्रा घोटणारे हात थांबलेले नाहीत.

या रोगावर टाटातूनच आलेले दोन अभ्यास सांगतो. पहिला २०१५ चा, डॉ. अनिल डिक्रूझ यांचा. तोंडाचा कर्करोग लवकरच्या टप्प्यात सापडला आणि मानेत गाठ लागत नसली, तरी त्याच शस्त्रक्रियेत मानेतल्या ग्रंथी काढाव्यात की पुढे गाठ आल्यावर काढाव्यात? शल्यविशारद यावर वर्षानुवर्षं वाद घालत होते. आधीच काढलेल्यांपैकी तीन वर्षांनी ८० टक्के जिवंत होते, वाट पाहिलेल्यांपैकी ६७.५ टक्के. आठ जणांमागे एक जीव. औषध कोणतं? कोणतंच नाही. म्हणून मथळा नाही.

दुसरा २०२२ चा, डॉ. विजय पाटील आणि सहकाऱ्यांचा. निव्होलुमॅब हे प्रतिकारशक्ती जागं करणारं औषध पूर्ण मात्रेत सामान्य माणसाच्या आवाक्यात नाही. यांनी नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या भागाहूनही कमी, २० मिलिग्रॅम, दर तीन आठवड्यांनी दिलं, स्वस्त गोळ्यांच्या जोडीला. हे आजार पुढे गेलेले, पूर्ण बरे होण्याची आशा नसलेले १५१ रुग्ण होते. नुसत्या गोळ्यांवर वर्षाअखेर १६.३ टक्के जिवंत होते, औषध जोडल्यावर ४३.४ टक्के. इथंही टीका आहे. पूर्ण मात्रेचा तिसरा गट नव्हता, त्यामुळे 'कमी मात्रा पूर्ण मात्रेइतकीच चांगली' असं या अभ्यासावरून म्हणता येत नाही. आणि मधल्या रुग्णाचं आयुष्य वाढलं ते साडेसहा-सात महिन्यांवरून दहा महिन्यांवर. बरं झालं असं नाही. पण ज्याला काहीच परवडत नव्हतं, त्याला काहीतरी मिळालं. प्रश्न गरिबाच्या खिशातून सुरू झाला, हे मला त्या अभ्यासात मोठं वाटतं.

शेवटचा आकडा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात विचारलं होतं, तुमचं तोंड कर्करोगासाठी कधी कोणी तपासलं का? ३० ते ४९ वयाच्या पुरुषांत हो म्हणणारे देशभरात १.२ टक्के, बायांत ०.९ टक्के. तोंड तपासायला काय लागतं? एक टॉर्च आणि दोन मिनिटं. डिक्रूझांच्या अभ्यासाचा फायदा कोणाला? ज्याचा रोग लवकर सापडला त्याला. आपला माणूस तर तोंडात दोन बोटं जाईनाशी झाल्यावर येतो. म्हणजे संशोधन झालं, छापलं, जगानं मानलं, आणि पानठेल्यापासून दवाखान्यापर्यंतचं अंतर तेवढंच राहिलं.

तेव्हा पुढच्या वेळी अशी बातमी आली की पाच गोष्टी विचारा. उंदीर की माणूस? किती माणसं? वाटणी चिठ्ठीनं केली का? मोजलं काय, रक्तातली खूण की जगलेली वर्षं? आणि कोणाच्या तुलनेत? उत्तरं नसतील तर बातमी पुढे पाठवू नका. चालू उपचार तर बातमीच्या भरवशावर बिलकुल थांबवू नका. आपल्या डॉक्टरांना विचारा. आणि शस्त्रक्रिया ठरली असेल तर त्यांना हेही विचारा, त्या लिग्नोकेनचं काय, मानेतल्या ग्रंथींचं काय. असा प्रश्न विचारला म्हणून कोणी रागावलं, तरी विचारा.

आता तुमचे प्रश्न घेऊ. मागच्या रांगेतून सुरुवात करू या.