एक्सव्ही-सिक्समध्ये न दिसणारा इंटरप्ट
आयआयटी मुंबईच्या मैथिली वुतुकुरू यांची ऑपरेटिंग सिस्टिमवरची व्याख्यानं मोफत बघता येतात. त्यांत उदाहरणाला घेतलाय एक्सव्ही-सिक्स, एमआयटीत २००६ मध्ये शिकवण्यासाठी लिहिलेला छोटा कर्नल. शहापूरला घरी बसून साध्या लॅपटॉपवर, क्यूईएमयूमध्ये तो चालतो. संशोधनाकडे वळणाऱ्यांना मी आधी हाच वाचायला सांगते. पण त्याच्या एक्स-८६ आवृत्तीबद्दल एक तक्रार आहेच.

टायमरचा इंटरप्ट आला की ट्रॅप फंक्शनच्या शेवटी यील्ड बोलावलं जातं आणि सीपीयू दुसऱ्या प्रोसेसकडे जातो. पहिल्यांदा वाचणाऱ्याला वाटतं, इंटरप्ट हँडलरमधून शेड्यूलर खुशाल बोलवावा. मग तो लिनक्सच्या ड्रायव्हरमध्ये हँडलरच्या आत म्युटेक्स घेतो, आणि एके दिवशी स्क्रीनवर 'बग: शेड्यूलिंग व्हाइल अ‍ॅटॉमिक' उमटतं.

यील्डची जागा नीट बघा. तोवर डिव्हाइसचं काम संपलेलं असतं, इंटरप्ट कंट्रोलरला 'झालं' कळवलेलं असतं आणि सीपीयूवर खरंच कुणी प्रोसेस आहे का, तेही तपासलेलं असतं. म्हणजे हे हँडलर संपल्यानंतरचं शेड्यूलिंग. लिनक्सही वेगळं करत नाही: टायमरचा हँडलर फक्त खूण लावतो, प्रोसेस बदलते परतीच्या वाटेवर.

आता मुद्दाम मोडून बघू. डिस्कच्या हँडलरमध्ये डिस्कचं लॉक घेतलेलं असताना तेच लॉक देऊन स्लीप बोलवा. कर्नल ओरडेल? शेड्यूलरकडे जाण्याआधी चार गोष्टी तपासल्या जातात: प्रोसेस टेबलचं लॉक हातात आहे, लॉकची मोजणी बरोबर एक आहे, प्रोसेस 'रनिंग' नाही, इंटरप्ट बंद आहेत. स्लीप डिस्कचं लॉक स्वतःच सोडतं, त्यामुळे चारही पास! झोपतं कोण? योगायोगाने त्या क्षणी सीपीयूवर असलेली, डिस्कशी देणंघेणं नसलेली प्रोसेस. हँडलरचा उरलेला भाग तिच्याच कर्नल स्टॅकवर अडकतो. कंट्रोलरला 'झालं' कळवायचं राहून जातं, म्हणून त्या सीपीयूवर ना डिस्कचा इंटरप्ट येतो, ना टायमरचा. सीपीयू रिकामा असता तर मात्र प्रोसेस नाही म्हणून लगेच पॅनिक झालं असतं. एकच बग, कधी ओरडणारा, कधी मुका.

कारण एक्सव्ही-सिक्स लॉक मोजतं, पण 'मी आत्ता इंटरप्टमध्ये आहे' हे कुठेच नोंदवत नाही. छोटेपणासाठी बरंच सोडावं लागतं हे मान्य. पण ही एक नोंद ठेवायला किती ओळी लागल्या असत्या?

लिनक्स ती ठेवतो, आणि डीबगिंगची सुरुवात तिथूनच करा. त्या मेसेजमध्ये तिरप्या रेघांनी तोडलेले तीन भाग असतात: प्रोसेसचं नाव, पीआयडी आणि एक हेक्स आकडा. नावामागे धावू नका, ते बहुतेक वेळा त्याच बिचाऱ्या प्रोसेसचं असतं. आकडा उजवीकडून वाचा: पहिले दोन अंक प्रीएम्प्शन किती वेळा बंद केलं त्याचे, पुढचे दोन सॉफ्ट-इंटरप्टचे, पाचवा हार्डवेअर इंटरप्टचा. पाचवा शून्य नसेल तर दोषी हँडलर स्टॅक ट्रेसमध्ये शोधा.

आणि म्युटेक्स मोकळा असला तर झोपायची वेळच येत नाही, मेसेजही येत नाही. त्यासाठी कर्नल बांधताना 'डीबग अ‍ॅटॉमिक स्लीप' हा पर्याय चालू ठेवा. मग झोप लागली नाही तरी, झोपू शकणारं फंक्शन चुकीच्या जागी बोलावल्याबद्दल तक्रार येते.