श्रद्धा, पुरावा आणि इर्ल्याचा क्रूस

येशूचे पुनरुत्थान झालेच नाही असे उद्या निर्विवाद सिद्ध झाले, तर ख्रिस्ती धर्म टिकेल काय? आपल्याकडे हा प्रश्न निघाला की बहुतेकांचे उत्तर ठरलेले असते : टिकणार नाही. आम्हांस हे उत्तर उतावळे वाटते.

आम्ही गोरेगावकर. येथून काही स्थानकांच्या अंतरावर, विलेपार्ल्याच्या इर्ला भागातील वेलंकणी माता चर्चजवळ 2012 साली क्रूसावरील ख्रिस्तमूर्तीच्या पायांतून पाणी ठिबकू लागले आणि भाविक ते तीर्थ म्हणून नेऊ लागले. बुद्धिवादी सनल एडमारुकू यांनी मार्च महिन्यात जागेची पाहणी केली. तुंबलेल्या सांडपाण्याचे पाणी केशाकर्षणाने भिंतीत चढून मूर्तीपर्यंत पोचते, असे त्यांनी दाखविले. परिणाम काय झाला? चर्च ओस पडले नाही. काही कॅथलिक मंडळींनी भारतीय दंडसंहितेच्या कलम 295-अ खाली तक्रारी केल्या, आणि अटकेची टांगती तलवार असताना एडमारुकू त्याच वर्षी फिनलंडला निघून गेले. पुराव्याने श्रद्धा हलली नाही. पुरावा देणाऱ्यासच देश सोडावा लागला.

अर्थात, ठिबकणारे पाणी हा ख्रिस्ती धर्माचा गाभा नव्हे. गाभा पुनरुत्थानात आहे, आणि तो पणाला लावला आहे खुद्द पौलाने. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या 15 व्या अध्यायात, ख्रिस्त उठला नसेल तर आपला उपदेश व तुमचा विश्वास दोन्ही व्यर्थ, अशा आशयाचे तो लिहितो. इतकी प्रामाणिक अट फार थोड्या धर्मग्रंथांत सापडेल. पण अनुयायी ती पाळतीलच असे नाही. जर्मन धर्मपंडित रुडॉल्फ बुल्टमान याने 1941 साली पुराणकथेचे कवच काढून शुभवर्तमान वाचावे असा विचार मांडला. म्हणजे पुरावा येण्यापूर्वीच माघारीची वाट तयार होती. आपल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे उदाहरण घ्या. 1895 साली मुंबईत बाप्तिस्मा घेणाऱ्या या कवीचे मन प्रथम वेधले ते डोंगरावरील प्रवचनाने. कबर रिकामी नव्हती असे ठरले तरी त्या प्रवचनातील करुणेला धक्का पोचत नाही.

तेव्हा धर्म टिकेल, असे आमचे मत आहे. पण टिकणे म्हणजे खरे ठरणे नव्हे, आणि ख्रिस्ती बांधवांकडे बोट दाखविताना आपणही आरशात पाहावे. 1560 साली पोर्तुगीज व्हाइसरॉय कोन्स्तान्तिनो द ब्रागांझा याने जाफन्याच्या स्वारीत एक दंतधातू हस्तगत केला. पेगूचा राजा त्यासाठी मोठी रक्कम द्यावयास तयार होता. तरी गोव्यात तो कुटून जाळण्यात आला व राख नदीत टाकली गेली, असे पोर्तुगीज बखरकार लिहितात. दंतधातूची पूजा मात्र थांबली नाही. जळाला तो खरा नव्हेच, असे उपासकांनी मानले. कॅन्डीच्या मंदिरात आजही रांगा लागतात. इर्ल्यातील भाविकांहून हे उपासक निराळे कसे?

याहून कठीण परीक्षा आपल्या घरातच आहे. 'दि बुद्धा अँड हिज धम्मा' (1957) या ग्रंथाच्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी चार प्रश्न विचारले. त्यांतील पहिला सिद्धार्थाच्या गृहत्यागाविषयी. वृद्ध, रोगी व मृत पाहून तो निघाला ही कथा बुद्धीस पटत नाही, म्हणून त्यांनी ती नाकारली व शाक्य-कोलियांमधील रोहिणीच्या पाण्याचा तंटा पुढे आणला. अत्तदण्डसुत्तात कलहाने उद्विग्न झालेल्या मनाचे वर्णन आहेच. परंतु अट्ठकथांत रोहिणीचा तंटा येतो तो बुद्धत्वप्राप्तीनंतर, आणि तथागत स्वतः तो मिटवितात. हा आक्षेप खरा आहे. त्याने धम्म कोसळत नाही, कारण दुःख, तृष्णा व शील यांचा अनुभव रोहिणीकाठच्या तारखेवर अवलंबून नाही. कालामांस तथागतांनी स्वतः पारखून घ्या असेच सांगितले होते. मात्र एखाद्या तरुणाने विहारात हा आक्षेप घेतला, तर त्याने बाबासाहेबांचा अवमान केला असे म्हणून त्यास खाली बसविले जाते काय? बसविले जात असेल, तर कलम 295-अ कडे धावलेल्या त्या मंडळींत व आपल्यात अंतर फार उरत नाही. वाचकांनी पुढे यावे, या प्रश्नांच्या उकलीत भर घालावी, अशी अपेक्षा बाबासाहेबांनी त्याच प्रस्तावनेत लिहून ठेवली आहे.