आधी अक्षर, मग यंत्र

गेल्या दोन-तीन वर्षांतले दिवाळी अंक शेजारी शेजारी मांडून पाहा. कित्येक मुखपृष्ठांवर एकच बाई भेटते. तोच गुळगुळीत चेहरा, तोच सोनेरी उजेड, मागे त्याच धूसर पणत्या. नऊवारीचा काष्टा कुठून आला आणि कुठे खोचला, ते कळत नाही. दलाल-मुळगावकर या चित्रकारांच्या रेषेवर डोळा तयार झालेल्या वाचकाच्या हाती हे दिले जाते, याचा मला संताप येतो.

ही चित्रे एआय काढते, पण संताप त्या यंत्रावर नाही. स्टेबल डिफ्युजन हे चित्रे बनवणारे एआय ज्या लायन संग्रहातून शिकले, त्याच्या २०२२ च्या आवृत्तीत सुमारे ५८५ कोटी चित्र-मजकूर जोड्या होत्या, आणि त्यांतल्या २३२ कोटी एकट्या इंग्रजीच्या. अशा यंत्राला साडी कळते, काष्टा कळत नाही. तो कळणारा माणूस डिझायनर. त्यानेच नजर वळवली तर चूक थेट छापखान्यात जाते.

आता ज्या कामाने मला उमेद दिली, त्याविषयी. अक्षररचना करणाऱ्या काही तरुणांनी ही साधने फार शहाणपणाने हाताळली आहेत. देवनागरी फाँट म्हणजे शेकडो आकार, जोडाक्षरे आणि मात्रांच्या जागा. ग्लिफ्ससारख्या फाँट बनवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये पायथनच्या छोट्या स्क्रिप्ट चालतात. प्रोग्रॅमिंग न शिकलेला डिझायनर आज चॅटजीपीटीकडून अशी स्क्रिप्ट लिहून घेतो, कोणते जोडाक्षर राहिले ते शोधतो आणि ‘वाङ्मय’, ‘उद्ध्वस्त’, ‘दऱ्याखोऱ्या’ अशा अवघड शब्दांचे चाचणीपान काढतो. मग प्रिंट हातात घेऊन एकेक वळण स्वतःच्या डोळ्यांनी तपासतो. यात हमाली यंत्राने केली, आकार मात्र माणसाने ठरवला. चित्रातही हाच मार्ग आहे. २०२३ मध्ये आलेल्या कंट्रोलनेट या साधनाला आपले पेन्सिलचे रेखाटन देता येते. रचना आपली राहते आणि रंग-उजेडाचे दहा पर्याय समोर येतात. त्यातले नऊ टाकून देण्याची हिंमत असणे हेच खरे कौशल्य.

 

हे कौशल्य फारसे दिसत नाही, त्याचे दुखणे शिक्षणात आहे. ‘दोन दिवसांत प्रॉम्प्ट शिका’ अशा कार्यशाळांचे पेव फुटले आहे. तिथे हुकूम कसा द्यायचा ते शिकवतात, आलेले चित्र का नाकारायचे ते कुणी शिकवत नाही. यंत्राकडून मराठी शीर्षक मागा. ‘श’ आणि ‘ल’ बऱ्याचदा हिंदी वळणाचे येतात, ‘ऱ्य’ मोडतो, शिरोरेषा मधेच तुटते. ज्याने बोरूने चार महिने अक्षर गिरवले नाही, त्याला हे दिसतच नाही. कमल शेडगे नाटकागणिक वेगळे अक्षर काढत, कारण आधी ते नाटकाचा स्वभाव ओळखत. र. कृ. जोशींनी सुलेखनाचा हात संगणकाच्या फाँटपर्यंत नेला. तंत्राला जोशी कधी घाबरले नाहीत, पण तंत्रापुढे वाकलेही नाहीत. कला महाविद्यालयांनी हाच क्रम धरावा: पहिल्या वर्षी हात, दुसऱ्या वर्षी डोळा, तिसऱ्या वर्षी यंत्र. उलट क्रमाने शिकलेला विद्यार्थी यंत्राचा कारकून होतो.

शिक्षणानंतर प्रश्न येतो मोबदल्याचा. तिथे प्रकाशकांचा युक्तिवाद ठरलेला: पाच मिनिटांत होणाऱ्या कामाचे पैसे कशाला? पैसे त्या पाच मिनिटांचे नसतातच. पुस्तक वाचून त्याचे चित्र कोणते, हे ठरवण्याचे असतात. ती मजुरी वाचवून प्रकाशक स्वतःच्याच पुस्तकाची ओळख पुसतात, कारण तोच हुकूम शेजारच्या प्रकाशकालाही देता येतो. मुखपृष्ठकाराला पुस्तक वाचायला द्या, पुरेसा वेळ द्या, मानधन द्या. आत त्याचे नाव छापा, आणि यंत्र वापरले असेल तर तेही छापा. नाव छापले की जबाबदारी येते, आणि जबाबदारी घेणारा डिझायनर चुकीचा काष्टा छापखान्यात जाऊ देणार नाही.