पिंगची एक ओळ

लिनक्सवर पिंग चालवलं की सेकंदागणिक एक ओळ उमटत जाते : ६४ बाइट्स, सीक्वेन्स १, टीटीएल ५५, वेळ २१.४ मिलिसेकंद. नेट अडलं की सगळे हीच कमांड देतात आणि उत्तर आलं की नाही, एवढं पाहून मोकळे होतात. ही ओळ मात्र सावकाश वाचावी अशी आहे.

तिचे कर्ते माइक म्यूस. अमेरिकी लष्कराच्या बॅलिस्टिक रिसर्च लॅबोरेटरीत डिसेंबर १९८३ मध्ये नेटवर्क विचित्र वागू लागलं, तेव्हा त्यांनी एका संध्याकाळीच हा सुमारे हजार ओळींचा प्रोग्रॅम लिहिला. त्याचा पाया जॉन पोस्टेल यांनी १९८१ च्या आरएफसी ७९२ मध्ये घातला होता : 'इको'चा निरोप ज्याला मिळेल, त्याने त्यातला मजकूर जसाच्या तसा परत करायचा.

म्यूस यांनी या साध्या नियमाचं सोनं केलं. पॅकेट निघतानाची वेळ त्यांनी पॅकेटच्या पोटातच लिहून ठेवली. ते परतलं की आत्ताच्या वेळेतून आतली वेळ वजा करायची, झालं. कोणतं पॅकेट कधी धाडलं याची वेगळी नोंद नको, की पलीकडच्या यंत्राचं घड्याळ आपल्याशी जुळायला नको. ओळीतल्या ६४ बाइट्सपैकी ८ शीर्षकाचे आणि ५६ या मजकुराचे. निघण्याची वेळ त्यातच बसलेली असते.

आता वेळेचा आकडा. काचतंतूत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. मुंबई ते लंडन सरळ अंतर साधारण ७,२०० किलोमीटर. म्हणजे केबल अगदी सरळ टाकली, तरी जाऊन-येऊन ७२ मिलिसेकंद लागणारच. लंडनचा म्हणवणारा सर्व्हर मुंबईत ४ मिलिसेकंदांत उत्तर देत असेल, तर ते उत्तर लंडनहून आलेलं नाही, हे छातीठोकपणे सांगता येतं.

सर्वांत अर्थगर्भ आकडा टीटीएलचा. वाटेतला प्रत्येक राउटर तो एकाने कमी करतो. ६४ घेऊन निघालेलं उत्तर ५५ वर पोचलं, तर परतीच्या वाटेवर नऊ राउटर लागले. परतीच्याच, जातानाची वाट वेगळी असू शकते. हाच आकडा आपण मुद्दाम लहान ठेवला, की पिंग वाटही दाखवू लागतं. लिनक्सवर 'टी' आणि विंडोजवर 'आय' हा पर्याय देऊन टीटीएल १ ठेवा : पहिल्याच राउटरवर तो शून्यावर येतो, म्हणून राउटर पॅकेट टाकून देतो आणि सहसा तसं कळवतो, त्यातून त्याचा पत्ता कळतो. मग २, मग ३. मुक्कामांची यादी तयार होते. व्हॅन जेकबसन यांचं ट्रेसराउट याच युक्तीवर उभं आहे.

म्यूस यांना आवडलेला एक किस्सा आहे. एका व्यवस्थापकाच्या नेटवर्कची जोडणी मधूनच तुटायची. त्याने पिंगचं प्रत्येक उत्तर स्टीरिओवर मोठ्याने ऐकू येईल अशी सोय केली आणि इमारतभर फिरत तो एकेक कनेक्टर हलवत गेला. जिथे आवाज थांबला, तिथे दोष सापडला.

पिंगचं मला सर्वांत भावतं ते त्याचं प्रामाणिक मौन. उत्तर आलं नाही, तर ते फक्त तेवढंच सांगतं. समोरचं यंत्र बंद आहे असा निष्कर्ष काढत नाही. ते योग्यच आहे, कारण कित्येक फायरवॉल पिंगला उत्तरच देऊ देत नाहीत.

म्हणून तक्रारीचा फोन लावण्याआधी तीन पिंग करून पाहा : घरच्या राउटरला, बाहेरच्या एखाद्या आयपी पत्त्याला आणि मग एखाद्या साइटच्या नावाला. पहिलंच अडलं, तर आधी घरातली केबल किंवा वायफाय तपासा. पहिलं चाललं आणि दुसरं अडलं, तर घराबाहेरच्या जोडणीवर संशय घ्या. आकडा चालतो पण नाव सापडतच नाही, तर नावावरून पत्ता शोधणारं डीएनएस बिघडलं आहे.