हा 5 कुठून आला? महिला रग्बीवरचा एक पेपर वाचताना

माझ्या सिनॉप्सिसमधल्या एका चुकीपासून सुरुवात करते. महिला रग्बी खेळाडूंच्या धावण्याचं विश्लेषण करायचं होतं. 'तीव्र धावणं' म्हणजे सेकंदाला 5 मीटरपेक्षा जास्त वेगाचं धावणं, अशी व्याख्या मी बिनधास्त लिहून टाकली. सरांनी विचारलं, "हा 5 कुठून आला?" मी म्हटलं, "सगळ्या पेपरमध्ये हाच आहे, सर." त्यावर सर म्हणाले, "सगळे वापरतात हे कारण झालं नाही. कुणाच्या शरीरावरून ठरवला?" मी गप्प.

उत्तर शोधताना 2015 चा एक पेपर हाती लागला. जर्नल ऑफ स्पोर्ट्स सायन्सेसमध्ये क्लार्क, ॲन्सन आणि पाइन या ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी तो प्रसिद्ध केला. पेपर चांगला आहे, म्हणूनच टीकेसाठी निवडला. वाईट पेपरवर टीका कुणीही करू शकतं. चांगल्या पेपरचं काय घ्यायचं आणि कुठे थांबायचं, हे आपल्याला शिकायचं आहे.

आधी खेळ थोडक्यात. रग्बी सेव्हन्समध्ये एका बाजूला 7 खेळाडू आणि 7 मिनिटांचे दोन डाव. मैदान मात्र 15 जणांच्या रग्बीचंच, तेवढंच मोठं. त्यामुळे धावपळ प्रचंड. कोण किती धावलं हे खेळाडूच्या पाठीवरच्या जीपीएस यंत्रातून कळतं. पण त्यातलं 'तीव्र' किती, हे ठरवायला एक रेषा आखावी लागते. ती रेषा सेकंदाला 5 मीटर, म्हणजे ताशी 18 किलोमीटर अशी रुळली होती. पुरुषांच्या खेळातून आलेली ही रेषा स्त्रियांच्या डेटालाही तशीच लावली जात होती.

या संशोधकांनी रेषा खेळाडूच्या शरीरावरून आखली. तोंडाला मास्क लावून ट्रेडमिलवर धावायचं आणि वेग टप्प्याटप्प्याने वाढवत न्यायचा. एका वेगानंतर श्वास एकदम वाढतो, धड बोलताही येत नाही. याला दुसरा व्हेंटिलेटरी थ्रेशोल्ड म्हणतात. राष्ट्रीय पातळीवरच्या महिला खेळाडूंमध्ये तो सरासरी 3.5 मीटर प्रति सेकंदाच्या आसपास आला, 5 पेक्षा बराच खाली. प्रत्येकीची स्वतःची रेषा लावल्यावर दिसलं, की 5 ची रेषा काहींचं तीव्र धावणं 30 टक्क्यांपर्यंत कमी दाखवत होती. सर्व स्त्रियांसाठी सरसकट 3.5 धरलं तरी एकेका खेळाडूमागे 14 टक्क्यांपर्यंत कमी-जास्त फरक पडत होता.

हा दुसरा निष्कर्ष मला जास्त महत्त्वाचा वाटतो. 'पुरुषांचा आकडा काढा, बायकांचा घाला' एवढ्याने काम भागत नाही, हे तो सांगतो. सरासरी बाईसुद्धा मैदानावर कुठे उभी नसते!

आता टीका.

पहिला मुद्दा गणिताचा. रेषा खाली आणली की तिच्या वरचं अंतर वाढणारच. समजा, एका मुलीने सामन्यात 5 च्या वर 100 मीटर आणि 3.5 च्या वर 350 मीटर धाव घेतली. म्हणून जुन्या रेषेने 250 मीटर 'चुकवले' असं म्हणता येईल का? दोन रेषा दोन वेगळ्या गोष्टी मोजतात. एक मैदानावरचा वेग सांगते, दुसरी त्या वेगाची शरीराला पडलेली किंमत. 'कमी दाखवलं' या शब्दांत दुसरी रेषाच खरी, हे आधीच गृहीत धरलेलं आहे. ते गृहीतक पेपरच्या आकड्यांतून सिद्ध होत नाही.

दुसरा मुद्दा चाचणीचा. ट्रेडमिलवर सरळ, एकसारखं धावायचं असतं. सामन्यात वळणं, थांबणं, पडून उठणं, टॅकल हे सगळं आहे. चेंडूवर झुंबड उडते तेव्हा खेळाडू जीव तोडून ढकलत असते आणि जीपीएसच्या लेखी तिचा वेग जवळजवळ शून्य असतो. म्हणजे तिचं सगळ्यात कष्टाचं काम कुठल्याही वेगाच्या रेषेला 'आराम' वाटतं. 5 असो की 3.5, ही उणीव तशीच राहते.

तिसरा मुद्दा मला सगळ्यात गंभीर वाटतो. समजा, 12 आठवड्यांच्या सरावाने एका खेळाडूचा थ्रेशोल्ड 3.4 वरून 3.7 झाला. म्हणजे ती सुधारली. आता नवी रेषा लावा. ती अगदी पूर्वीइतकीच, पूर्वीच्याच वेगाने धावली तरी तिचं 'तीव्र' अंतर कमी दिसेल. रेषा हलली आहे हे ठाऊक नसलेला कोच म्हणेल, "ही हल्ली अंग चोरते." घाम गाळून सुधारलेल्या मुलीला सुधारणेचीच शिक्षा. आणि रेषा जुनीच ठेवली तर ती आता तिच्या शरीराची राहिलेली नसते.

मग करायचं काय? माझ्या मते दोन्ही आकडे शेजारी-शेजारी द्या. ठरावीक वेगाची रेषा खेळाने काय मागितलं ते सांगते. दोन खेळाडूंची किंवा दोन मोसमांची तुलना करायची तर तीच लागते. स्वतःची रेषा खेळाडूला ते किती जड गेलं ते सांगते. सरावाचा भार ठरवायला ती लागते. एकीचं काम दुसरीकडून करून घेऊ नका. शिवाय वैयक्तिक रेषा वापरली असेल, तर चाचणी कोणत्या तारखेला घेतली आणि पुन्हा कधी घेतली, हे पद्धतीच्या प्रकरणात लिहाच.

"आमच्याकडे मास्कवाली मशीन कुठे?" हे तुम्ही विचारणार, ठाऊक आहे. शंकू, टेप आणि स्टॉपवॉचवर ब्राँको चाचणी होते. 20, 40 आणि 60 मीटर जाऊन परत यायचं, असं पाच वेळा, एकूण 1200 मीटर. 5 मिनिटं 20 सेकंद लागले तर सरासरी वेग 3.75 मीटर प्रति सेकंद. फक्त या आकड्याला 'थ्रेशोल्ड' म्हणू नका. तो ब्राँकोचा सरासरी वेग आहे, त्याला त्याच नावाने हाक मारा. साध्या चाचणीवरचं प्रामाणिक काम परीक्षकासमोर टिकतं. उसन्या नावाचा आकडा पहिल्याच प्रश्नाला पडतो, माझा पडला तसा.

तुमच्या सिनॉप्सिसमध्ये जिथे जिथे 'अमुकच्या वर म्हणजे जास्त' असं लिहिलंय, ते सगळे आकडे आज पेन्सिलने गोल करा. प्रत्येकापुढे दोन गोष्टी लिहा: तो कुणावर मोजला गेला, आणि माझ्या कोणत्या प्रश्नाचं उत्तर देतो. जिथे जागा रिकामी राहील, तिथून वाचायला सुरुवात करा. मी माझ्या 5 वर काट मारली आणि पद्धतीचं प्रकरण पुन्हा लिहिलं. दोन महिने गेले, पण आता सरांनी तोच प्रश्न विचारला तर गप्प बसावं लागणार नाही.