दोष जीवाणूंचा किती, मशेरीचा किती?

तोंडातल्या जीवाणूंमुळे हृदयविकार, मधुमेह आणि स्मृतिभ्रंश होतो, असे विधान लोकप्रिय विज्ञानलेखनात वारंवार आढळते. तिन्ही रोगांची नावे एका दमात घेतली जातात, हाच या लेखनाचा मुख्य दोष आहे. तिन्हींबाबतचा पुरावा सारख्या वजनाचा नाही.

मूळ कल्पना निराधार नाही. एक मिलिलिटर लाळेत सुमारे दहा कोटी जीवाणू असतात. जिभेवरून आणि दातांवरच्या थरातून सुटून ते लाळेत येतात. दातांवरचा थर साचत गेला की हिरड्यांना सूज येते व कित्येकांत ती वर्षानुवर्षे टिकते. अशा हिरड्यांतून दात घासताना, अन्न चावताना जीवाणू रक्तात शिरतात. दाह वाढवणारे पदार्थही शरीरभर पोहोचतात. परंतु मार्ग सापडला म्हणजे कारण सिद्ध झाले, असे नव्हे.

औंधच्या परिसरातलेच उदाहरण घेऊ. सातारा-सांगलीकडे, विशेषतः वयस्क स्त्रियांत, मशेरी लावण्याची सवय आढळते. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखू. तंबाखू हिरड्यांना घातक, तशीच हृदयालाही. समजा, हिरड्या बिघडलेल्यांत हृदयविकार अधिक आढळला, तर दोष कोणाचा? तंबाखूला न शिवणाऱ्यांची वेगळी तुलना केल्याशिवाय उत्तर देता येणार नाही. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१२ साली हिरड्यांचा रोग व हृदयरोग यांतला संबंध मान्य केला होता. कार्यकारणभाव मात्र सिद्ध मानला नव्हता.

खरी कसोटी अशी : संशयित कारण दूर केल्यावर रोग हटतो का? मधुमेहात काही प्रमाणात हटतो. २०२२ च्या कॉक्रेन आढाव्यानुसार हिरड्यांच्या उपचारानंतर तीन-चार महिन्यांत एचबीए१सी, म्हणजे रक्तशर्करेची दीर्घ मुदतीची पातळी दाखवणारा आकडा, सरासरी ०.४३ ने उतरला. स्मृतिभ्रंशात उलट घडले. अल्झायमरच्या रुग्णांच्या मेंदूत ‘पॉर्फिरोमोनास जिंजिव्हालिस’ या जीवाणूची विकरे सापडल्याचे २०१९ मध्ये जाहीर झाले आणि मोठा गाजावाजा झाला. ती विकरे रोखणारे औषध २०२१ मध्ये मोठ्या चाचणीत मुख्य उद्दिष्टे गाठू शकले नाही.

तेव्हा ‘दात घासा, हृदय वाचवा’ असे वर्गात सांगू नये. दात घासावेत ते दात-हिरड्यांसाठी. मशेरी सोडावी ती सगळ्याच शरीरासाठी. या सल्ल्याला अपुऱ्या पुराव्याचा टेकू कशाला?