‘स्वे’ : एका इंग्रजी शब्दाचे अर्थ आणि मराठी प्रतिशब्दांचा प्रश्न

इंग्रजी साहित्याच्या अध्यापनात व भाषांतरात काही शब्द दिसायला सोपे असतात आणि म्हणूनच अधिक फसवतात. ‘स्वे’ हा असाच एक शब्द होय. शब्दकोशांत त्याच्यापुढे दोन अर्थगट आढळतात. झुलणे, डुलणे, हेलकावणे हा एक. सत्ता, अंमल, प्रभाव हा दुसरा. संदर्भ पाहून विद्यार्थी त्यांपैकी एक अर्थ उचलतो आणि दुसरा सोडून देतो. हे दोन अर्थ खरोखर इतके वेगळे आहेत काय, आणि ‘प्रभाव’ या एकाच प्रतिशब्दावर मराठीने समाधान मानावे काय, या प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

या शब्दाच्या व्युत्पत्तीबाबत पूर्ण एकमत नाही. तथापि वाकणे व वाकवणे या अर्थाच्या प्राचीन नॉर्स धातूशी त्याचे नाते जोडले जाते. म्हणजे वाकणारा आणि वाकवणारा हे दोघेही या शब्दाच्या मुळातच आहेत. सोळाव्या शतकात राज्य करणे, सत्ता गाजवणे हा अर्थ रूढ झाला. या दोहोंमधला दुवा हातातल्या दंडात सापडतो. टॉमस ग्रे याच्या १७५१ साली प्रसिद्ध झालेल्या विलापिकेत गावच्या दफनभूमीत पुरलेल्या अज्ञात माणसांचे हात कदाचित साम्राज्याचा दंड चालवू शकले असते अशी कल्पना आहे. तेथे दंड ‘स्वे’ करणे म्हणजेच राज्य करणे. जो दंड फिरवतो तो प्रजा हलवतो. शेक्सपिअरच्या ‘द मर्चंट ऑफ व्हेनिस’मधील पोर्शियाच्या दयेविषयीच्या भाषणातही हा शब्द राजदंडाला जोडूनच येतो. आपल्याकडील ‘दंड’ या शब्दात काठी, शिक्षा व शासन हे तिन्ही अर्थ एकत्र नांदतात, हे या संदर्भात लक्षणीय आहे.

खरी कसोटी लागते ती ‘ज्यूलियस सीझर’च्या पहिल्या अंकात. वादळाच्या रात्री भेदरलेला कास्का पृथ्वीचा ‘स्वे’ डळमळू लागल्याचे सांगतो. टीकाकारांनी तेथे कधी पृथ्वीचा भार वा वेग, तर कधी तिची सुस्थापित व्यवस्था असे अर्थ लावले आहेत. परंतु एकच अर्थ निवडण्याची निकड नाटकाला नाही, ती भाष्यकाराला आहे. सीझरच्या सत्तेला हादरा बसण्याच्या आदल्या रात्री सत्ता आणि दोलन या दोन्ही गोष्टी एका शब्दात असाव्यात, हे त्या प्रसंगाला साजेसेच आहे. ‘मॅकबेथ’च्या पाचव्या अंकात हाच शब्द क्रियापद म्हणून येतो. शत्रूसैन्य चालून येत असताना आपले मन संशयाला वा भीतीला दाद देणार नाही अशी बढाई मॅकबेथ मारतो; पण त्या मनाच्या अधीन आपण आहोत हे सांगण्यासाठी तो जे क्रियापद वापरतो, त्यातच डुगडुगणे दडलेले आहे. वक्त्याला स्थैर्य सांगायचे आहे आणि शब्द अस्थैर्य सुचवतो. येथे ‘सत्ता’ एवढाच प्रतिशब्द दिला तर अर्थ कळतो, विसंगती मात्र हरवते.

आता ‘प्रभाव’ या शब्दाकडे वळता येईल. ‘इन्फ्लुअन्स’, ‘इम्पॅक्ट’, ‘स्वे’ या सर्वांसाठी मराठी समीक्षा तोच योजते. विद्यापीठीय प्रबंधांच्या शीर्षकांवर तर या शब्दाचाच प्रभाव जाणवतो. ‘प्र’ व ‘भू’ यांपासून बनलेला हा शब्द सामर्थ्य, तेज, प्रताप सुचवतो. त्याचे लक्ष प्रभाव पाडणाऱ्याकडे आहे. ‘इन्फ्लुअन्स’च्या मुळाशी आत वाहत येणे ही लॅटिन कल्पना आहे, ग्रहताऱ्यांपासून माणसांत उतरणारा प्रवाह हा त्याचा जुना अर्थ. ‘स्वे’ यांहून निराळा, कारण तो ज्याच्यावर परिणाम होतो त्याची हालचाल दाखवतो. शिवाय ती हालचाल विशिष्ट प्रकारची असते. डुलणारे झाड जागा सोडत नाही. मुळे जमिनीत राहतात, शेंडा वाऱ्याबरोबर जातो आणि परत येतो. न्यायाधीश भावनेने ‘स्वे’ झाला नाही याचे मराठी रूपांतर ‘भावनेच्या भरात वाहून गेला नाही’ असे सर्रास केले जाते. वाक्य अस्सल मराठी आहे, पण वाहून गेलेला परतत नाही. डुललेला परतू शकतो. ‘विचलित झाला नाही’ हा पर्याय त्यामानाने जवळचा.

मराठीकडे समर्थ शब्द नाहीत असे मुळीच नाही. ‘अंमल’ हा अरबीतून आलेला शब्द पाहावा. पेशव्यांचा अंमल असतो आणि भांगेचाही अंमल चढतो. राज्य करणारी सत्ता आणि तोल घालवणारी नशा यांना मराठीने एकाच शब्दात बसवले आहे. ‘होल्ड स्वे’ या प्रयोगासाठी यासारखा दुसरा शब्द मिळणे कठीण. ‘पगडा’ हा शब्द विचारांच्या वर्चस्वाला चालतो, पण त्यात हालचाल नाही. ‘डोलणे’ कीर्तनातल्या श्रोत्यांना शोभते; तेथे वश होणे आनंदाचे असते. ‘कल’ या शब्दाकडे मात्र भाषांतरकारांनी अधिक लक्ष द्यावयास हवे. भिंत कलते, पारडे कलते, मतमोजणीच्या दिवशी वाहिन्या सकाळपासून ‘कल’ सांगू लागतात. संध्याकाळपर्यंत तो बदलूही शकतो, हे प्रेक्षकांना ठाऊक असते. मॅकबेथच्या त्या वाक्यासाठी ‘मनाच्या कलाने चालणे’ हा प्रयोग सुचवता येईल. त्यात अधीनता आहे, झुकावही आहे. अडचण एवढीच की मराठीत कलाने घेतात ते आजाऱ्याला किंवा लहान मुलाला. वेढ्यात सापडलेल्या राजाच्या तोंडी तो मवाळ वाटेल. ‘अंमल’ तेथे अधिक कणखर ठरतो, आणि त्यातली नशाही मॅकबेथला परकी नाही.